भांगाच्या भरतीचे तीन दिवस

पहिला दिवस (वद्य सप्तमी)

सभागृहाच्या दाराशी दोन कागद शेजारी शेजारी चिकटवले होते. एक चित्रपटांचं वेळापत्रक आणि दुसरं भरती-ओहोटीचं. बसमधून उतरल्यावर पाठीवरची पिशवीही खाली न ठेवता मी दोन्ही वाचत उभी राहिले. महोत्सव मी बरेच पाहिलेत, पण समुद्राला विचारून आखलेला महोत्सव पहिल्यांदाच पाहत होते.

"तारखा कशा ठरवल्यात, आलं का लक्षात?" मागून आवाज आला. प्रोजेक्टर सांभाळणारे काका. आयुष्यभर विजेची कामं केलेले, आता निवृत्त. सगळं गाव त्यांना काकाच म्हणतं, मीही लगेच म्हणायला लागले.

मला नव्हतं आलं लक्षात. मग त्यांनी पंचांग काढलं. वाळूवर पडदा लावायचा तर काळोख पाहिजे. पौर्णिमेच्या आसपास चांदणं पडद्यावर पसरतं आणि चित्रातला काळा रंग राखाडी होऊन जातो. मग अमावास्या धरावी, तर त्या दिवशी उधाण. सूर्य आणि चंद्र एका रेषेत येऊन पाणी ओढतात, आणि ते खुर्च्या मांडायच्या जागेपर्यंत चढतं. अष्टमीच्या सुमाराला दोघांची ओढ एकमेकींना काटकोनात असते, भरती मवाळ असते. कोळी तिला भांगाची भरती म्हणतात. पण अष्टम्या दोन. शुद्ध अष्टमीचा चंद्र दिवेलागणीला डोक्यावर असतो, वद्य अष्टमीचा मध्यरात्रीच्या सुमाराला उगवतो. तेव्हा वद्य सप्तमी, अष्टमी, नवमी. काळोखही मिळाला आणि वाळूही.

"हे मला होडीवाल्यांनी शिकवलं," काका म्हणाले. "पहिल्या वर्षी आम्ही शनिवार-रविवार बघून तारीख काढली होती. दुसऱ्या रांगेपर्यंत पाणी आलं."

इथे येण्यामागे माझं एक कारण होतं. मी चित्रपटांचं संकलन करते. काही वर्षांपूर्वी मी जोडलेला एक लघुपट एका मोठ्या महोत्सवात लागला होता. चित्राची चौकट चुकीची लावलेली होती, त्यामुळे पात्रांची कपाळं सुरुवातीपासून शेवटपर्यंत कापलेली. सांगायला म्हणून प्रोजेक्शनच्या खोलीकडे धावले, तर खोलीत कुणीच नव्हतं. यंत्र आपलं चालू होतं. आठ महिने आम्ही ज्या चौकटीसाठी भांडलो ती तिथे कुणी पाहिलीच नाही. त्यानंतर कितीतरी दिवस मला कुठल्याही महोत्सवाला जाववेना. शेवटी एका मैत्रिणीने सांगितलं, या गावात जा, तिथे चित्रपट दाखवणारी माणसं भेटतील.

दुपारी चार वाजता वाळूवर पडदा उभा राहायला लागला. सहा मीटर रुंद, साडेतीन मीटरला जरा कमी उंच. त्याच्या कडेला वीतभर अंतरावर पितळी कड्या आहेत. मी समजत होते की या कड्यांतून दोरी ओवून करकचून बांधत असतील. तसं नाही. जाळी विणणारे एक मामा सायकलच्या जुन्या ट्यूबच्या बोटभर रुंद चकत्या कापून बसले होते. प्रत्येक कडीला एक चकती, आणि चकतीतून दोरी लोखंडी चौकटीला. झोत आला की रबर ताणतं, पडदा थोडा पुढे येतो, परत मागे जातो. दोरी ताठ असती तर कापड कडीपाशी फाटलं असतं. मामांनी मला गाठ मारायला शिकवली. पहिल्या सात-आठ सुटल्या, मग बसायला लागल्या. एका बाजूच्या एकोणीस गाठी माझ्या.

खुर्च्यांच्या रांगा रुंद होत्या, पण खोल नव्हत्या. मोजक्याच रांगा, शेवटची पडद्यापासून वीस मीटरच्या आत. जागा तर मागे पुष्कळ होती. विचारलं तेव्हा शाळेतल्या बाईंनी वाळूवर आकडे मांडून दाखवले. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे सुटी चित्रं. म्हणजे प्रत्येक १४ मीटरला आवाज चित्राच्या एक चौकट मागे पडतो. चाळीस मीटरवर बसलेल्या माणसाला ओठ आधी हललेले दिसतात आणि शब्द तीन चौकटी उशिरा पोचतात. संकलनाच्या टेबलावर दोन चौकटींची घसरण झाली तरी माझ्या अंगावर काटा येतो. आणि इथे एक गणिताच्या बाई कोणी न सांगता शेवटच्या रांगेतल्या माणसासाठी ते वाचवत होत्या.

दिवसभर वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो, कारण जमीन लवकर तापते. सूर्य बुडाल्यावर तो मंदावतो आणि रात्री उशिरा उलटा, जमिनीकडून समुद्राकडे सुरू होतो. मधे काही वेळ हवा स्तब्ध असते. त्या वेळात पहिला चित्रपट लावायचा असं इथलं गणित. पडद्याची पाठ पश्चिमेला, म्हणजे मावळतीचा उजेड थेट कापडावर पडत नाही.

मी तिसऱ्या रांगेत बसले. चित्र उमटलं, त्यामागून लाटेचा आवाज, आणि माझ्या शेजारच्या आजींनी पाय चपलांतून काढून वाळूत रोवले. मला एकदम आठवलं की जगातला सगळ्यात जुना चित्रपट महोत्सव, व्हेनिसचा, १९३२ साली सुरू झाला तोही समुद्राकाठीच, लिडो बेटावरच्या एका हॉटेलच्या गच्चीवर, उघड्या आकाशाखाली. आणि त्याच्याही आधी, २८ डिसेंबर १८९५ ला पॅरिसमध्ये ल्युमिएर बंधूंनी पैसे घेऊन आपला पहिला जाहीर खेळ केला. त्यात दहा छोट्या फिती होत्या, प्रत्येकी मिनिटभराच्या आतल्या. त्यातली एक समुद्रात उड्या मारणाऱ्या मुलांची होती. पडद्यावर लाट येते आणि समोर बसलेली माणसं ती बघतात, हे सिनेमाच्या पहिल्या दिवसापासूनचं आहे.

खेळ संपल्यावर चौकट तपासायला मी पडद्याजवळ गेले. चारही कडांना काळी पट्टी, चित्र कुठेही कापलेलं नाही. काकांनी दुपारीच चाचणीचं चित्र लावून प्रत्येक कोपरा बघितला होता, आणि प्रत्येक चित्रपटासमोर वहीत त्याच्या चौकटीच्या रुंदी-उंचीचं प्रमाण लिहून ठेवलं होतं: १.८५, २.३९, एका जुन्या धाटणीच्या लघुपटासमोर १.३७. ती वही मी उगाच दोनदा चाळली.

दुसरा दिवस (वद्य अष्टमी)

सकाळचे खेळ सभागृहात होते. खिडक्यांना काळं कापड, फटींना चिकटपट्टी. दहा वाजताच्या लघुपटाची चाचणी नऊ वाजता झाली आणि पडद्यावर सबटायटल्स आली ती मोडकी. वेलांट्या भलत्याच अक्षराला जाऊन चिकटलेल्या, जोडाक्षरं तुटून पाय मोडलेली अक्षरं सुटी पडलेली. देवनागरीत काम करणाऱ्या प्रत्येकाला हे दुखणं माहीत आहे. मजकूर बरोबर असतो, पण दाखवणाऱ्या यंत्राला अक्षरं जोडता येत नाहीत.

हा लघुपट परक्या भाषेतला होता, आणि त्याची सबटायटल्स मराठीत करायला दोन स्वयंसेवकांनी कित्येक संध्याकाळी घातल्या होत्या. साधं भाषांतर नव्हतं ते. त्यात आवाजही लिहिलेले होते: दार करकरतं, लांबून भोंगा, कुणीतरी पायऱ्या उतरतंय. गावात ऐकू न येणारं एक जोडपं आहे, ते दरवर्षी पहिल्या रांगेत बसतं.

कॉलेजात शिकणारी एक मुलगी मांडी घालून लॅपटॉपपुढे बसली. सबटायटल्स वेगळी फाइल म्हणून न ठेवता चित्रावरच छापून टाकायची, म्हणजे यंत्राला जोडायचं काही उरत नाही. पण त्यासाठी सबंध लघुपट नव्याने काढायला हवा. माझ्या हातातलं काम होतं, म्हणून मी शेजारी बसले. तिने फॉन्ट निवडला, मी ओळी तोडल्या. एका वेळी दोनच ओळी, आणि वाक्य तोडायचं ते अर्थ जिथे श्वास घेतो तिथे. ‘मी तुला कधीच’ इथे ओळ संपवून ‘विसरणार नाही’ खाली टाकलं तर वाचणारा क्षणभर भलतंच समजतो. आम्ही अशा अकरा ओळी बदलल्या. यंत्र फाइल काढत असताना दाराशी उभ्या असलेल्या ताईंनी लोकांना सरळ सांगितलं: "सबटायटल्स तुटत होती, नीट करतोय, हा लघुपट बारा वाजता दाखवू. तोवर दुसरा बघा." कुणी कुरकुरलं नाही. खरं कारण सांगितलं की माणसं थांबतात.

बाराच्या खेळात मी पडद्याकडे थोडं आणि पहिल्या रांगेकडे जास्त बघत होते. लघुपटात एक जागा आहे, रिकाम्या घरात मागच्या खोलीतून भांडं पडल्याचा आवाज येतो. दृश्यात काहीच हलत नाही. सगळं सभागृह दचकलं, आणि त्याच क्षणी पहिल्या रांगेतल्या त्या बाईंनीही नवऱ्याचा हात धरला. आवाजाची ओळ बरोबर त्याच चौकटीला उमटली होती. संकलनात मी आजवर जे काही केलं त्यात या एका जुळणीइतकं समाधान मला फार थोड्या वेळा मिळालं असेल.

दुपारी निवड समितीशी बोलले. समिती म्हणजे पाच माणसं आणि एक टेबल. आलेली प्रत्येक फिल्म तिघांनी स्वतंत्र बघायची, आणि शेवटपर्यंत बघायची, हा नियम. पहिली पाच मिनिटं बघून बाजूला टाकायची नाही. ज्यांची घेतली नाही त्यांनाही दोन-तीन ओळींचं पत्र जातं, त्यात फिल्ममधली एक तरी नेमकी जागा नोंदवलेली असते, म्हणजे बनवणाऱ्याला कळतं की ही खरंच बघितली गेली. मला हे ऐकून गप्प बसावंसं वाटलं. नकाराची छापील पत्रं माझ्याकडे बरीच आहेत.

शेजारच्या कपाटात परवानग्यांची फाइल होती. प्रवेश फुकट असला तरी चित्रपट ज्याचा त्याची लेखी परवानगी लागते, आणि इथे एकाही खेळासाठी ती गृहीत धरलेली नाही. थिएटरसाठी बनवलेल्या प्रती, ज्यांना डीसीपी म्हणतात, त्या पुष्कळदा कुलूपबंद येतात. किल्लीही एक फाइलच. ती ठरलेल्या यंत्रावर आणि ठरलेल्या तारखा-वेळांतच चालते. इथे तसलं यंत्र नाही, म्हणून ते बनवणाऱ्यांना आधीच लिहून बिनकुलपाची प्रत मागतात. डीसीपीत प्रत्येक चौकट हे एक स्वतंत्र चित्र असतं. नव्वद मिनिटांच्या चित्रपटात अशी १,२९,६०० चित्रं. काका म्हणाले, एवढं कुणीतरी आपल्यावर विश्वासाने सोपवलेलं असतं, मग भिंग पुसायला आळस कसा करायचा?

आणि भिंग पुसण्याचंही एक शास्त्र होतं. खाऱ्या हवेतून मिठाचा बारीक थर काचेवर बसतो. तो कोरड्या फडक्याने घासला तर मिठाचे कण काच ओरखडतात. काका आधी ब्लोअरने हवा मारतात, मग मऊ कापडाचं टोक गोड्या पाण्यात जेमतेम ओलं करून मधून कडेकडे गोल फिरवतात, की मीठ विरघळून कापडात उतरतं, आणि मग दुसऱ्या कोरड्या कापडाने नुसतं टेकवून पाणी टिपतात. दोन कापडं, दोन वेगळ्या डब्यांत. डब्यांवर त्यांनी ‘ओलं’ आणि ‘कोरडं’ असं रंगाने लिहिलंय, काळोखात बोटांना कळावं म्हणून अक्षरांचा रंग जाड ठेवलाय.

संध्याकाळी वारा पडला नाही.

सूर्य बुडून गेला, ढगांच्या कडा विझल्या, खुर्च्या भरल्या, आणि पडदा मात्र शिडासारखा फुगलेला. बाईंच्या हातात वाऱ्याचं छोटं मीटर होतं, त्या दर दोन मिनिटांनी आकडा म्हणायच्या. ताशी अठरा. वीस. सतरा. बावीस. इथला नियम भिंतीवर लिहिलेला आहे: ताशी २५ च्या वर गेला की पडदा उतरवायचा, चर्चा करायची नाही. एवढ्या आकाराच्या कापडावर ताशी ३६ किलोमीटरचा वारा सव्वाशे किलोंच्या आसपास जोर लावतो, आणि समोर पहिल्या रांगेत मुलं चटईवर बसलेली असतात.

चित्रपट सुरू होऊन दहा मिनिटं झाली असतील. "सव्वीस," बाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. काकांनी त्याच क्षणी चित्र थांबवलं आणि दिवे लावले. मामा आणि आठ-दहा जण पडद्याकडे गेले. मीही माझ्या एकोणीस गाठींपाशी पोचले. वरची बाजू आधी सोडायची नाही, नाहीतर कापड हातातून निसटतं. आधी खालची, मग बाजू एकदम, मग वरचा दांडा दोरीवर हळूहळू खाली. माझी बोटं थरथरत होती. कापड उतरताना तोंडावर आदळलं, त्याला ओल्या मिठाचा वास होता.

ताईंनी ध्वनिक्षेपकावरून एवढंच सांगितलं: "आपापली खुर्ची उचला आणि सभागृहात चला. चित्रपट जिथे थांबला तिथून दोन मिनिटं मागे नेऊन लावतो." आणि दीडशे-पावणेदोनशे माणसं खुर्च्या उचलून निघाली. म्हातारी माणसं रिकाम्या हाताने, त्यांच्या खुर्च्या पोरांच्या डोक्यावर. काळोखात वाळूतून चढणारी ती रांग, कुणाच्या तरी मोबाइलच्या उजेडात हलणारे खुर्च्यांचे पाय. पंचवीस मिनिटांत सगळे आत बसले होते. काही जण भिंतीला टेकून, काही खिडकीच्या कट्ट्यावर. चित्रपट दोन मिनिटं मागून सुरू झाला. बाहेर खिडक्यांवरचं काळं कापड फडफडत होतं, आणि आत सगळे नायिकेच्या त्या एका उत्तराची वाट बघत गप्प होते. या चित्रपटाच्या दिग्दर्शकाने हे पाहायला हवं होतं असं मला फार वाटलं. मी त्याला त्या रात्री लांबलचक पत्र लिहिलं.

१९३९ च्या १ सप्टेंबरला फ्रान्समधल्या कान शहरातला महोत्सव सुरू व्हायचा होता. त्याच दिवशी युद्ध पेटलं आणि तो सात वर्षांनी, १९४६ साली, प्रत्यक्षात भरला. रात्री झोपताना हे डोक्यात येत राहिलं. कुणीतरी ती सात वर्षं ही कल्पना सांभाळून ठेवली असेल ना.

तिसरा दिवस (वद्य नवमी)

सकाळी हवा स्वच्छ. मुलांसाठीचे लघुपट झाले, त्याबद्दल फार लिहीत नाही, मुलं खूश होती एवढं पुरे.

दुपारची चर्चा मात्र लिहिलीच पाहिजे. समुद्रावर कामाला जाणाऱ्या माणसांवरचा अकरा मिनिटांचा एक माहितीपट होता आणि तो बनवणारा तरुण स्वतः हजर होता. नेहमीचे प्रश्न झाले: किती दिवस लागले, कॅमेरा कुठला. मग पहिल्या दिवशी वाळूत पाय रोवून बसलेल्या त्या आजी उठल्या.

"बाळा, तू रश्शी ओढायचा आवाज नंतर घातलास ना?"

तो गोंधळला, मग हो म्हणाला. जागेवरचा आवाज वाऱ्यात गेला होता, म्हणून स्टुडिओत दोरी लाकडावर घासून तो केला होता.

"कोरड्या रश्शीचा आहे तो. ओली रश्शी अशी नाही बोलत. ती आधी पिळली जाते, पाणी गळतं, मग करकरते." आणि त्यांनी तोंडाने तो आवाज काढून दाखवला. आधी एक लांब दबका सूर, मग तुटक तुटक.

सभागृहात कुणी हसलं नाही. त्या पोराने वही काढली आणि विचारलं, "आजी, पुन्हा एकदा कराल?" त्यांनी केला. मग त्याने मोबाइल पुढे धरला आणि त्यांनी तिसऱ्यांदा केला. चर्चा संपल्यावर मामा त्याला घेऊन होड्यांकडे गेले, ओली रश्शी ऐकवायला. मीही गेले. खरंच वेगळा आवाज होता. इतकी वर्षं मी आवाज जोडत आले, ओल्या आणि कोरड्या दोरीचा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता.

संध्याकाळी वारा वेळेवर पडला. पडदा पुन्हा वाळूवर गेला, गाठी मी न विचारता मारल्या. शेवटच्या खेळानंतर मतदान होतं. प्रत्येकाच्या हातात एक शिंपला, लघुपटांची नावं लावलेल्या काचेच्या बरण्या ओळीने. पसंतीच्या बरणीत शिंपला टाकायचा. काचेवर शिंपला पडल्याचा तो बारीक आवाज बराच वेळ चालू होता. मोजायला दोन मुलं आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला बाई. बक्षीस म्हणजे जाळ्याच्या दोऱ्याने विणलेली एक पिशवी, मामांनी केलेली. ती मिळाली कालच्या तुटक्या सबटायटल्सच्या लघुपटाला. सबटायटल्स नीट करणारी ती मुलगी मागच्या रांगेत तोंडावर हात घेऊन उभी होती.

मग आवराआवर. पडदा सरळ गुंडाळत नाहीत. आधी वाळू झाडायची, मग गोड्या पाण्याने पुसायचा, आणि सभागृहाच्या सज्जावरून रात्रभर सोडून ठेवायचा, नाहीतर मिठामुळे ओल धरतो आणि पुढच्या वर्षापर्यंत डाग पडतात. चार कोपऱ्यांना चार जण. एक कोपरा माझ्याकडे होता. पुसता पुसता बाईंनी विचारलं, पुढच्या वर्षी सबटायटल्सच्या कामाला दोन दिवस आधी याल का? मी हो म्हणाले.

सज्जावर पडदा सोडेपर्यंत एक वाजत आला होता. बाहेर नवमीचा चंद्र नुकताच वर आला होता, पिवळट, अर्ध्याहून कमी. काका पायरीवर बसून वहीत लिहीत होते: वारा, पाणी कुठवर आलं, खुर्च्या किती, कुठल्या खेळाला आवाज कमी पडला. मग त्यांनी पंचांगाची मागची पानं उलटली. चांद्र वर्ष अकरा दिवसांनी लहान, म्हणजे याच महिन्यातली वद्य अष्टमी पुढच्या साली तितकी अलीकडे येणार. बोट ठेवून त्यांनी तारीख शोधली आणि मला वाचून दाखवली. मी माझ्या वहीत ती उतरवून घेतली आणि तिच्या दोन दिवस आधीच्या चौकोनात लिहिलं: निघणे.